दुधाच्या पत्रकाची दुरुस्ती

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं आली. वडिलांची इंदापुरात छोटी प्रेस आहे. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. प्रेस चालते लग्नपत्रिका आणि दुकानांच्या बिलबुकांवर. पण कुणी अन्यायाविरुद्ध चार ओळी लिहून आणल्या की तात्या हातातली लग्नपत्रिका बाजूला ठेवतात. नवरा-नवरी थांबतील, पाण्याची पाळी थांबणार नाही, असं त्यांचं मत. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची, आणि गणितं मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. पहिलीत बाईंनी 'माझी आई' या विषयावर पाच वाक्यं बोलायला उभं केलं, तेव्हा मी 'बंधू आणि भगिनींनो' अशी सुरुवात केली होती.

सांगायचं ते एवढंच की छापलेल्या कागदावर आमच्या घराचा फार विश्वास. त्याचं काय झालं ते पुढे.

मी बारामतीत नोकरीला आहे आणि शनिवारी एसटीनं गावी जाते. गाव इंदापूर तालुक्यातलं, लोणी देवकरच्या एमआयडीसीपासून जवळ. घरी आई, तात्या, दादा, वहिनी, साडेचार वर्षांची भाची आणि तीन म्हशी. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी पोचले, तर भाची पायरीवर बसून चहात खारी बुडवत होती आणि तिच्यासमोर दादा संध्याकाळच्या दुधाचा कॅन मोटारसायकलला बांधत होता. तीन म्हशींचं दूध फटफटीवर बसून डेअरीला निघालं होतं आणि घरचं लेकरू काळपट चहा पीत होतं. माझं डोकं तिथंच तापलं.

त्यात वहिनीचा चेहरा उतरलेला. अंगणवाडीत त्या महिन्यात मुलांची वजनं झाली होती आणि वाढीच्या कार्डावर भाचीचं वजन हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलं होतं. वहिनीची निवड नुकतीच एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामावर झाली होती. नवी बॅच दोन महिन्यांनी घेणार होते. लग्नाआधी तिनं बारावी केली आणि त्यानंतर सहा वर्षं शेणघाण; ही नोकरी तिनं स्वतः फॉर्म भरून, स्वतः मुलाखत देऊन मिळवली होती. आईनं कार्ड बघितलं आणि निकाल दिला : पोरगी हिरव्यात आली तर कंपनी, नाहीतर घर. वर एक टोला लगावला, "सुप्याकडं पाण्याचीच बोंब, तितं दुधाची सवय कुठनं असणार?" वहिनी सुप्याची. तिनं भाकरी जरा जोरात थापली.

मी रविवारी प्रेसमध्ये बसून पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आधी लेकराची वाटी, मग डेअरीचा कॅन'. खाली खरमरीत दीड पान. दूध पिकवणाऱ्या गावातली मुलं चहावर वाढतात ही शरमेची गोष्ट आहे, घरातली म्हैस आधी घराची आहे, प्रत्येक मुलाला दिवसातून तीन वेळा दूध मिळालंच पाहिजे. हे तीन वेळा कुठून आलं, तेही सांगते. आधी 'दोन वेळा' लिहिलं होतं. पण वाचताना ते लेचंपेचं वाटलं. तीनला ठसका होता.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी डेअरीच्या दारात उभी राहून ते वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कॅन मापाला लावले. डेअरीचे चेअरमन म्हणजे गावाचे आबा. त्यांनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"झकास हाय," ते म्हणाले. "पण गावातली समदी पोरं दूध प्यायला लागली तर आमी हितं काय मापायचं, पत्रकं?"

गावात माझ्या पत्रकाचा परिणाम शून्य झाला. अपवाद एक. माझ्या आईनं ते अक्षर न् अक्षर मनावर घेतलं. मी आजवर लिहिलेल्या एकाही पत्रकाकडे तिनं ढुंकून बघितलं नव्हतं. हे मात्र तिनं गोठ्यातल्या खांबाला चिकटवलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू केला.

आता आईची पद्धत सांगायला हवी. वीस-पंचवीस वर्षं डेअरीला दूध घालणाऱ्या बाईचा एकाच गोष्टीवर भरवसा असतो, आणि ती म्हणजे फॅट. यंत्रात दूध टाकलं की आकडा उमटतो; आकडा चांगला तर म्हैस चांगली, म्हैस चांगली तर बाई चांगली. शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त, हेही अशा घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आईनं विचार केला, डेअरीला जे चालतं ते नातीला का चालू नये. म्हणून म्हशीची धार सरत आली की ती चरवी बाजूला ठेवायची आणि शेवटच्या चार पिळा पेल्यात घ्यायची. ते घट्ट दूध तापवून त्यावर चमचाभर साय, साखर, आणि पेला भाचीच्या तोंडाला. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवायच्या तोंडावर आणि संध्याकाळी परत. पत्रकाबरहुकूम तीन वेळा. दुपारचा पेला सकाळच्याच धारेचा, म्हणून त्यात साय दोन चमचे.

भाचीनं प्रतिकार केला, आणि तो संघटित होता. पहिल्या आठवड्यात तिनं मांजर हाताशी धरलं. ते आईच्या लक्षात आल्यावर ती पेला घेऊन इतकं सावकाश प्यायची की दुधावर पुन्हा साय धरायची, मग ती साय काढून टाकेपर्यंत पिणार नाही म्हणून अडून बसायची. एका शनिवारी तिनं मलाच धरलं. गोठ्यात दाव्याला बांधलेल्या रेडकाकडे बोट करून म्हणाली, "आत्या, ते म्हशीचं लेकरू हाय ना?"

मी म्हटलं, हो.

"मग आधी त्याची वाटी."

माझंच तत्त्व माझ्यासमोर दावं ओढत उभं होतं. मी तिला शेती, माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर काहीतरी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पेला रेडकापुढे ठेवला. रेडकानं तो लाथाडला.

त्याच दिवशी भाकऱ्या करताना वहिनी मला म्हणाली होती की पोरगी ताटावर बसत नाही. अर्धी भाकरी खायची ती आता दोन घास खाते आणि उठते. अंगणवाडीतली खिचडी तशीच परत येते. वहिनी एरवी मला ताई म्हणते. फार वैतागली की वन्सं म्हणते, आणि त्या दिवशी ती वन्सं म्हणाली. "वन्सं, तिला जरा भूक तरी लागू द्या."

मी काय केलं? मी तिला भाषण दिलं. दुधावर गावातल्या मुलांचा हक्क कसा आहे, पिढ्यान् पिढ्या बायकांनी लेकरांच्या तोंडचं दूध कसं बाजारात पाठवलं, वगैरे. ते भाषण मी तिच्या बाजूनं देत होते असं मला वाटत होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय संपवला.

महिना झाला. पुढच्या वजनाच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले, कारण मला खात्री होती. पिशवीत अंगणवाडीच्या बाईंसाठी पन्नास पत्रकंही घेतली होती. भाची काट्यावर उभी राहिली. बाईंनी आकडा वाचला, कार्ड काढलं आणि टिंब दिलं. वजन वाढलं नव्हतं. वय महिन्यानं पुढे गेलेलं, म्हणून टिंब पिवळ्यात आणखी थोडं खाली बसलं.

आई म्हणाली, काटा बिघडला असेल. मी तोंड उघडायच्या आत पत्रकं पुढे केली होती. हात आधी जातो, डोकं मागून. बाईंनी पत्रक वाचलं. त्या आमच्याच गावच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला सडेतोड. पोरगी दिवसभरात काय खाते असं त्यांनी आईला विचारलं. आईनं मोठ्या अभिमानानं तीन पेले सांगितले. साय सांगितली. शेवटची धार, तिच्यातली फॅट, सगळं सांगितलं.

"मावशी," बाई म्हणाल्या, "पोरगी हाय का डेअरी? आमी हितं फॅट लावत न्हाय, वजन लावतो."

मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. दूध वाईट नाहीच, म्हणाल्या. त्यानं हाडं होतात, दात होतात. पण एवढ्याशा पोटात तीन पेले सायीचं दूध गेल्यावर भाकरीला जागा कुठं राहणार? दुधात लोह जवळजवळ नाही. ते यायचं भाकरीतून, डाळीतून, पालेभाजीतून, आणि ते ताट तर परत जातंय. पोरीच्या पापण्या ओढून बघा, आतून पांढऱ्या पडल्यात. दिवसाला एक कप, फार तर दोन, तेही जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मधे. पोटात भूक असताना ताट पुढे यायला पाहिजे, पेला नाही. आणि चहा बंद. चहाबद्दलचं तुझं बरोबर आहे, म्हणाल्या. दीड पानातली तेवढी एक ओळ पास झाली.

मी वाद घातला. अर्थातच घातला. गावात दूध असून मुलांना मिळत नाही, हा मुद्दा आहे की नाही? त्यांनी तो मान्य केला. मग पत्रक परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "समदं बरोबर. पण ह्यात भाकरी हा शब्द कुठं हाय?"

मी शोधला. नव्हता.

वहिनी शेजारी उभी होती. आपण हेच महिनाभर सांगत होतो असं ती म्हणू शकली असती. तिनं ते म्हटलं नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. तिची बॅच सुरू व्हायला एक महिना उरला होता. गेलेला महिना घालवला होता माझ्या ठसक्यानं.

घरी येऊन मी आईला सांगितलं की दूध कमी करायचं. आई मला हात धरून गोठ्यात घेऊन गेली आणि खांबावरचं पत्रक दाखवलं. "तूच लिवलंयस. तीन येळा. छापलंय." मी म्हटलं, माझी चूक झाली. आई म्हणाली, तोंडानं काय, माणूस काहीही म्हणतं.

तेव्हा एकच मार्ग उरला. मी प्रेसमध्ये गेले. तात्यांना सांगितलं, पत्रक मागे घ्यायचंय, दुरुस्ती छापायची. निषेध त्यांनी पुष्कळ छापले होते, जाहीर आव्हानं छापली होती, पाठिंबा काढून घेतल्याची पत्रकं तर ढिगानं. पण स्वतःचंच चुकलं असं सांगणारं पत्रक त्यांच्या प्रेसमध्ये पहिल्यांदाच आलं होतं. मी म्हटलं, चार ओळी बारीक टाइपात टाका.

"न्हाय," तात्या म्हणाले. "चूक केवढ्या अक्षरांत केली? तेवढ्यातच दुरुस्ती."

म्हणून दुरुस्तीही त्याच ठळक मथळ्यात झाली. मजकूर मात्र मी लिहिला नाही. वहिनीला फोन लावला आणि ती सांगेल तसं उतरवून घेतलं. सकाळी ताज्या भाकरीचा काला, त्यावर ओतायला पाव वाटी दूध. दुपारी अंगणवाडीची खिचडी, संपवायची. मधे शेंगदाणे-गुळाची मूठ. बाजरीच्या दिवसांत बाजरी, हुलग्याचं पातळ माडगं, मेथी, शेपू. म्हशीचं दूध लहानांना साय काढून, जेवण झाल्यावर, एक कप. नको असेल तर ताक. घरात चालत असेल तर अंडं. सुप्याच्या कोरडवाहू रानात तिच्या आईनं चार लेकरं याच यादीवर वाढवली होती. मी मधेच म्हटलं, 'कुपोषणाच्या दाहक प्रश्नावर' असं काही सुरुवातीला घालू का? वहिनी म्हणाली, "ताई, माडग्यात दाहक काय घालू नका."

ही दुरुस्ती मी डेअरीच्या दारात वाटली तेव्हा लोकांनी ती उभ्या उभ्या वाचली. दुसऱ्याची चूक वाचायला गाव नेहमीच तयार असतं. आबा म्हणाले, आता कसं, दूध बी वाचलं अन् पोरं बी. मी त्यांना सांगितलं की एक कप तरी आधी घरात राहिलाच पाहिजे, त्यात दुरुस्ती नाही. एक कप मान्य, म्हणाले.

आईनं नवं पत्रक दोनदा वाचलं आणि खांबावरच्या जुन्यावर चिकटवलं. मग वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ह्यात नवं काय हाय? हे तर आमी पयल्यापासनं खात आलोय." दुसऱ्या दिवसापासून ती भाचीला काला कुस्करून द्यायला लागली, जणू ती युक्ती तिच्याच माहेरची. भाचीचं म्हणाल तर पहिले चार दिवस तिनं काहीच धड खाल्लं नाही. पाचव्या दिवशी खेळून आली आणि स्वतःहून भाकरी मागितली. वहिनीनं मला त्याचा फोटो पाठवला. फोटोत फक्त एक अर्धवट खाल्लेली भाकरी होती, दुसरं काही नाही.

तिसऱ्या वजनाला आम्ही चौघी गेलो. भाची काट्यावर चढली, बाईंनी तिला हात खाली सोडायला सांगितले, मग वाकून आकडा पुन्हा एकदा बघितला. टिंब दिलं ते पट्ट्याच्या कडेवर, पण हिरव्या बाजूला. बाई म्हणाल्या, अजून लक्ष ठेवा, लगेच नाचू नका. कुणी नाचलं नाही. वहिनीनं कार्ड घेतलं आणि दोन्ही हातांनी आईसमोर धरलं.

आईनं ते लांब धरून बघितलं. वहिनीला तिनं काही शाबासकी दिली नाही, सुप्याबद्दलचं बोलणंही मागे घेतलं नाही. तिच्याकडे छापखाना नाही. कार्ड परत देऊन ती चालायला लागली आणि चार पावलांवर थांबून म्हणाली,

"कंपनीची गाडी किती वाजता येती गं?"

"सातला," वहिनी म्हणाली.

"मग धारा मी बघीन. तू पोरीचा काला तेवढा करून जा. माझ्या हातचा ती दोन घास कमीच खाती."