इव्हाच्या उपाशी पेशी

मेंढीचा गुडघा शिकंज्यात आवळून इव्हाने सुरी खुपसली, पिरगाळली. सांधा कडाडून उघडला. लालसर पाणी तिच्या फेस शील्डवर उडालं.

"काय वैर गं तुझं मेंढ्यांशी?" मोहन लांबूनच ओरडला. तो लॅबच्या मशिनी सांभाळणारा पुण्याचा इंजिनियर.

"आमचे पप्पा लग्नाच्या जेवणाचं डुक्कर अर्ध्या तासात कापून सोडवायचे. ये वसईला, दाखवते."

हे २०२०च्या जुलैमधलं. परदेशात, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतल्या लॅबमध्ये इव्हा टेक्निशियन. हाडाच्या टोकावरची पांढरी कूर्चा खरवडायची, पेशी सुट्या करायच्या. निम्म्या प्लास्टिकच्या बशीत सपाट पसरायच्या, निम्म्या जेलच्या गोळ्यांत गोल राहायच्या. कूर्चा कुरतडणारं एन्झाइम कुठे जास्त चवताळतं, एवढाच सवाल. मोजण्याआधी मात्र पेशींचं सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातला खुराक, दोन दिवस बंद. सीरम एन्झाइमला जखडतं आणि आकडा खोटा येतो.

ऑगस्टमध्ये कोरोनाच्या लॉकडाऊनचा हुकूम आला: शुक्रवारी लॅब बंद. आकडा नाही तर इव्हाचं कॉन्ट्रॅक्ट नाही. सोमवारी पेशी उपाशी ठेवून ती घरी पोचली आणि घसा धरला. टेस्ट, आयसोलेशन.

"मोहन, माझ्या पेशींकडे बघशील?"

"नो वरीज."

बुधवारी निगेटिव्ह रिपोर्ट येताच ती धावत आली. मोजलं, तर मशीनवर सगळीकडे शून्य.

"काय केलंस?"

"अगं, लेबलवर होतं, सोमवारपासून सीरम नाही. म्हटलं, तू विसरलीस. जीव कळवळला. घातलं भरपूर."

"पुण्याचा ना तू? पाहुण्याला पाणी विचारत नाही तुम्ही, आणि माझ्याच पेशींना आग्रह?"

पिपेटचा स्टँड मोहनच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला.

"मला नंतर मार," तो पांढराफटक पडून म्हणाला. "आधी त्या धुता येतील का बघ."

तिने धुतल्या. तीनदा, प्रत्येक बशीला शिवी घालत. मग पुन्हा उपाशी ठेवून इनक्युबेटरवर चिठ्ठी डकवली: 'खायला घालणाऱ्याचे हात तोडीन.'

शुक्रवारी दुपारी आकडा आला. बशीतल्या पेशींचं एन्झाइम गोळ्यांतल्यांच्या चौपट.

"चौपट!" तिने टेबलावर मूठ आपटली. "सपाट दाबलं की स्वतःचंच घर खातात साल्या."

पाचच्या आत सगळं नष्ट करायचं होतं. मोहनने ब्लीचची बाटली उचलली.

"दे, मी ओततो."

"हात लावू नकोस. मीच मारणार."

ब्लीचने पेशींचं गुलाबी पाणी बशीमागून बशी पिवळं पडत गेलं. शेवटच्या बशीवर तिचा हात जरा थांबला. मग ओतलं.

मोहनने आपला डबा पुढे सरकवला. "दोन दिवसांत काही खाल्लंस?"

मेलेल्या बशा एकमेकींवर आदळत ती पिशवीत भरत राहिली.