अहमदपूरला वाटलेलं पत्रक

जुन्या बसगाड्यांची फेरी नांदेडहून लातूरला निघणार आणि सगळ्यात पुढची गाडी अप्पा, म्हणजे माझे वडील, चालवणार हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. ते कबूल केलंच पाहिजे.

अप्पा जिथं ड्रायव्हर होते ती बस कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. लातूरच्या ज्या आवारात तिच्या गाड्या धुतल्या जायच्या, तिथं मालकाच्या मुलाने बारावीचे क्लासेस काढले होते. बापाच्या कंपनीची आठवण म्हणून त्याने पाच जुन्या गाड्या रंगवून घेतल्या. पहिल्या गाडीवर फलक लावला : ‘भूकंपात सर्वप्रथम धावलेली आमची बस.’

धावली होती हे खरं. मालकाने पाठवली नव्हती. त्या सकाळी अप्पा आणि त्यांचे कंडक्टर लातूरला नांदेडच्या फेरीसाठी उभे होते. मालकाने फोनवर बजावलं, फेरी बुडवायची नाही. या दोघांनी उतारू उतरवले आणि गाडी पडलेल्या गावांकडे घातली. तीन दिवस जखमींना लातूरच्या दवाखान्यात आणलं. चौथ्या दिवशी सीटा खराब केल्या म्हणून दोघांनाही काढून टाकलं. मी तेव्हा पाळण्यात होते. हे सगळं मला कळलं ते अप्पा तेव्हापासून दरवर्षी छापून वाटत आलेल्या पत्रकांतून. अक्षरं जुळवायला शिकले तीही त्यांच्यावरच.

“या बारीला बोलतो,” अप्पा म्हणाले होते. “त्याच्याच माइकवर.” परवाच त्यांनी पत्रकाचा मजकूर सांगितला, मी लिहिला, छापून आणला. खाली त्यांचं नाव.

अहमदपूरला स्वागत होतं. कंडक्टर काका तिथंच पंक्चरचं दुकान चालवतात. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. माझ्या पत्रकांच्या पिशवीकडे बघून म्हणाले, “लई जड दिसतंय. तुझ्या बापानं अख्खा मोर्चा भरून दिला का काय?”

मालकाच्या मुलाने अप्पांना हार घातला, माइक दिला. अप्पा म्हणाले, “मालकांनीच सांगितलं, गाडी घेऊन जा. आम्ही हुकमाचे ताबेदार.” टाळ्या पडल्या.

ते परत गाडीत बसले तशी मी खिडकीशी गेले. “अप्पा, हे काय बोललात?”

“तुझ्या भावाला क्लासात घेतलंय त्यांनी. यादीत नाव नव्हतं त्याचं.”

“कधी घेतलं?”

“झाले आठ दिवस.”

“मग परवा मजकूर कशाला सांगितला?”

“तोंडपाठ हाय मला ते. सांगून गेलो.”

काका खिडकीखालीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. “पोराचं काम झालं ना? बरं झालं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आता ते कागद वाटू नको, पोरी. खाली बापाचं नाव हाय, आन् बाप तर वेगळंच बोलला.”

मी जवळच्या दुकानाच्या पायरीवर बसले. एकेका कागदावरचं अप्पांचं नाव खोडून माझं लिहू लागले. काकांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाखाली स्वतःचं लिहिलं.

पहिलं पत्रक मी अप्पांनाच दिलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. “उरलेले घरी आणू नको,” एवढंच म्हणाले आणि गाडी लातूरकडे काढली.

पुढच्याच आठवड्यात क्लासने भावाला घरी पाठवलं. तो मला फितूर म्हणाला. अप्पांना मात्र एका शब्दानं बोलला नाही.