चोत्तो म्हणजे थोडं

लिफ्ट उघडली की तो आधी वाकायचा. दोन्ही तळवे मांड्यांना चिकटवून, कमरेतून, पुरता काटकोन करून. आत माणूस आहे की रिकामं स्ट्रेचर, हे बघायचाच नाही. मग सरळ होऊन म्हणायचा, "ओहायो, आजी-सान! दाइजोबु?"

म्हणजे सुप्रभात, सगळं ठीक ना. मुलांनो, हे तुम्हाला माझ्याआधी समजलं असेल. तुमच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या डोळ्यांची चित्रं आहेत, ती मी व्हिडिओवर पाहिली आहेत. आणि 'आजी' हा शब्द त्याने तुमच्यामुळेच उचलला. माझ्या टेबलावरचा तुमचा फोटो बघून विचारलं होतं, "ही मुलं तुम्हाला काय म्हणतात?"

सौदीतल्या यान्बूच्या ज्या खासगी रुग्णालयात मी रेकॉर्ड्स सांभाळत होते, तिथे तो यंत्रं दुरुस्त करायचा. अमेरिकेतला. चाळिशी उलटलेली, लग्न नाही, शर्ट कायम घामाने पाठीला चिकटलेला. टूलबॉक्सवर निळ्या केसांच्या मुलीचं स्टिकर. अशा माणसांबद्दल लोक जे बोलतात ते सगळं त्याच्याबद्दलही बोललं जायचं, आणि मीही ऐकून हसायचे. जेद्दाला जपानी कार्टूनवेड्यांची जत्रा भरते, तिथे तो विग घालून, लाकडी तलवार घेऊन गेला. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या फोनांवर होता. कँटीनमध्ये त्याचं नावच पडलं, 'कार्टून'. त्याला ते कळत होतं. कान लाल व्हायचे, पण वाकणं काही थांबलं नाही.

माणूस मात्र कामाचा. लहान मुलांच्या वॉर्डात सलाइनचा पंप नीट करता करता आवाज काढून गोष्ट सांगायचा, आणि सुई टोचलेली पोरं रडायची थांबायची.

त्या वर्षी डायलिसिस विभागात पाणी शुद्ध करणारी नवी जपानी यंत्रणा आली. ती बसवायला एक वयस्क जपानी इंजिनिअर आले, सत्तरीकडे झुकलेले. इंग्रजी मोडकंतोडकं. दुभाष्याचा व्हिसा अडकला होता. प्रशासक म्हणाले, "आपल्याकडे घरचा जपानी आहे की!"

त्याचा चेहरा त्या दिवशी काय उजळला होता! वर्षानुवर्षं ज्यासाठी लोक हसले, तेच आज हवं होतं.

पहिल्याच बैठकीत त्याने त्या वृद्ध गृहस्थांना काहीतरी जोरात विचारलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मग ते प्रशासकांना इंग्रजीत म्हणाले, "तुमचा माणूस कार्टूनमधल्या गुंडासारखा बोलतो."

प्रशासक टेबलावर हात आपटून हसले. डायलिसिसचा टेक्निशियन यासीन, आपल्या रत्नागिरीचा, माझ्या कानाशी पुटपुटला, "बाई, ह्याने म्हाताऱ्याला अरे-तुरे केलं वाटतं."

तसंच झालं होतं. कार्टूनमधले वीर शत्रूला ज्या शब्दाने 'तू' म्हणतात, तोच त्याला येत होता. तुम्ही मला 'ए आजी' म्हणता ते गोड लागतं. पण वडीलधाऱ्या परक्या माणसाला 'ए' म्हटलं तर? मराठी माणसाला हे समजावावं लागत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्याला कुठून बोचणार? तो मात्र उरलेली सगळी बैठक मान खाली घालून बसला होता. मला त्याची फार दया आली. आज वाटतं, ती दया आली नसती तर बरं झालं असतं.

त्यानंतर इंजिनिअर मोजकंच बोलू लागले. आठवड्याच्या शेवटी नळ्या जंतुनाशकाने धुऊन झाल्या. ते पूर्ण निघून गेलं की नाही हे तपासायच्या पट्ट्या जेद्दाच्या बंदरात अडकलेल्या. जुना विभाग पाडून टाकलेला, पेशंट दोन दिवस खोळंबलेले. संध्याकाळच्या बैठकीत प्रशासकांनी विचारलं, "उद्या सकाळी पेशंट घ्यायचे का? विचार त्यांना."

त्याने विचारलं. इंजिनिअरनी दातांमधून हवा आत ओढली. मान एका बाजूला कलली. म्हणाले, "चोत्तो…" आणि वाक्य तिथेच सोडलं.

"चोत्तो म्हणजे थोडं," तो हळूच म्हणाला. "थोडे पेशंट घ्या म्हणतात."

मुलांनो, मला जपानी येत नाही. पण ते सोडून दिलेलं वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. मुलगी बघून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणतात, तेव्हा ती काय म्हणत असतात? तो नकार होता. मला त्या क्षणी कळलं. बैठकीची नोंद मीच लिहीत होते आणि पेन माझं थांबलं होतं. पण त्याचे कान आधीच लाल होते. सगळ्यांसमोर पुन्हा त्याला खोटं पाडायचं, तेही एका भाषा न येणाऱ्या बाईने? मी लिहिलं, 'थोडे पेशंट घेण्यास हरकत नाही.' खाली नेहमीसारखी रेघ मारली.

"मग एकच घेऊ," प्रशासक म्हणाले. यादीत पहिलं नाव खदीजाचाचीचं होतं. श्रीवर्धनच्या, त्यांच्या नवऱ्याचं बाजारात मसाल्याचं दुकान.

सकाळी त्यांना यंत्राला जोडलं. वीस मिनिटांत त्या म्हणाल्या, पोटात कळ येते. मग म्हणाल्या, श्वास पुरत नाही. यासीनचं ओरडणं माझ्या खोलीपर्यंत आलं. मी धावले तेव्हा तो नळी चिमट्याने बंद करत होता. "बाई, रक्त बघा! कोकमाचं सार झालंय." खरंच, नळीतलं रक्त पातळ, लाल, आरपार दिसत होतं. चाचींचे ओठ निळे पडले होते.

दाराशी तो उभा होता. वाकला नाही.

चाचींना अतिदक्षता विभागात नेलं. चौकशी बसली; नळ्यांत जंतुनाशक उरलं होतं, हे निघालं. त्याने एवढंच लिहून दिलं, 'चूक माझी. मला ती भाषा येत नव्हती.' मला विचारलं, "तुम्हाला शंका आली होती का?" मी लिहिलं, 'मला जपानी येत नाही.' वाक्यात खोटं काहीच नव्हतं. ते कागद मीच फाइलला लावले.

त्याला काढून टाकलं. जाईपर्यंतचे नऊ दिवस तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता, चाचांच्या शेजारी. चाचांना कोणी खरं सांगितलं नव्हतं. मशीन बिघडली, एवढंच त्यांना माहीत. मी रोज लांबूनच बघायचे आणि दुसऱ्या जिन्याने जायचे.

दहाव्या दिवशी चाचांनीच मला गाठलं.

"बाई, तो गोरा आज आला नाय? बोलत काय नाय, पण भाकरी दिली तर अर्धी खातो. त्याला सांगायचंय, हिने डोळे उघडले. पाणी मागितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचं कोण होतं हो आत?"

आदल्या दुपारीच त्याचं विमान गेलं होतं. मी टेबलाशी परत आले, त्याची फाइल काढली, नंबर लावला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला की इथला फोनही बंद होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ती अरबी सूचना शेवटपर्यंत ऐकली, मग इंग्रजीतलीही.

बाहेर चाचा माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी कागदात गुंडाळून अर्धी भाकरी ठेवली होती.