सिन्सियर माणसाचा दाखला

कुवेत सिटीतल्या आमच्या ऑफिसातून नोकरी सोडून जाणाऱ्यांचे अनुभवाचे दाखले मी लिहायचो. मी मूळचा अकाउंट्सचा, पण इंग्रजी बरं म्हणून हे काम गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर गळा मीच पुढे केला होता.

पुढे कंपनी चिनी मालकांकडे गेली आणि नवी मॅनेजर आली, तिशीतली चिनी बाई. रोज डबा खाताना ती माझ्याकडून एक इंग्रजी शब्द शिकायची. मला 'लाओशी' म्हणायची, म्हणजे गुरुजी. घरी माझी लेक माझ्या उच्चारांना हसते, त्यामुळे बाहेर कुणी गुरुजी म्हटलं की मी लगेच विरघळतो.

माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. लेकीची बारावी. नोकरी गेली की इकामा जातो, म्हणजे इथे राहण्याचा परवानाच. ऐन परीक्षेत फिंतास भागातलं घर आवरावं लागलं असतं. बायको रोज विचारायची, काही कळलं का. मी सांगायचो, अगं, मॅडमच माझी विद्यार्थिनी आहे.

एका दुपारी शब्द निघाला सिन्सियर. शब्दकोशात तिला 'मनापासूनचा' असा अर्थ सापडला होता. मग जुन्या फायलींत हा सगळ्यांनाच कसा लावलाय, हे तिला कळेना. ड्रायव्हर सिन्सियर, स्टोअरकीपर सिन्सियर, न सांगता पळून गेलेला सुपरवायझरसुद्धा सिन्सियर. मी ऐटीत समजावलं की ज्याच्याबद्दल वेगळं काही लिहायचं नसतं, त्याच्यासाठी आमच्याकडे हा शब्द ठेवलेला असतो. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

आठवड्याने तिने एका दाखल्याचा मसुदा तपासायला आणला. नावाची जागा कोरी. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की हा माणूस एकच गोष्ट तीनदा समजावतो आणि तिसऱ्यांदाही वैतागत नाही. त्याच्या टेबलापाशी चुकायची भीती वाटत नाही.

"असं ऑफिसात लिहीत नाहीत," मी म्हणालो.

"पण खरं आहे, लाओशी."

"असेल. पद्धत नाही."

दोन्ही वाक्यं खोडून मी सिन्सियर आणि हार्डवर्किंग घातलं. ती खोडलेल्या ओळींकडे बघत राहिली. नाव का कोरं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. लाल पेन हातात आलं की मला दुसरं काही दिसत नाही.

गुरुवारी पाकीट मिळालं. कोऱ्या जागेत माझं नाव टाइप केलेलं होतं.

घरी बायकोने दाखला दोनदा वाचला आणि उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"अहो, एवढी वर्षं काढलीत तिथे, आणि यात तुमच्याबद्दल काहीच नाही. लिहिलंय तरी कुणी?"

ऑफिसची पद्धत असते, म्हणालो, आणि रिकामी खोकी मागायला खालच्या दुकानात गेलो.