मेनस्प्रिंग काढलेलं घड्याळ

अशा गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. गुलमंडीच्या एका गल्लीत छत्तीस वर्षं चावीची मनगटी घड्याळं दुरुस्त करतोय. घड्याळ बंद पडलं तर कारण असतंच — कचरा, वाळलेलं तेल, झिजलेला दात. उघडलं की सापडतं. चालू घड्याळालाही कारण असतं... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

सलग दुसऱ्या दुष्काळातली गोष्ट. शहर चहूकडं वाढत होतं, नव्या कॉलन्यांमध्ये टँकरमागं रांगा लागायच्या. मोबाईल अजून सगळ्यांच्या हातात आले नव्हते. विश्वनाथ मास्तर माझं जुनं गिऱ्हाईक. नोकरी शहरातल्या शाळेत, शेती पाचोडजवळ. लग्नात मिळालेलं घड्याळ दर उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व्हिसिंगला आणायचे. त्या मे महिन्यात चावी नुसतीच फिरायला लागली म्हणून आणून दिलं. म्हणाले, विहिरीचा गाळ काढायला गावी चाललोय, उद्या दुपारी घरातून कुसुम येईल, तिच्याकडं द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, तर मेनस्प्रिंग तुटलेली. चावी दिल्यावर जी गुंडाळली जाते आणि घड्याळ चालवते, ती पट्टी. ती डबीसकट काढून बशीत ठेवली. बाकीचं मशीन काचेखाली झाकलं आणि नवी स्प्रिंग शोधायला शहागंजला गेलो. मिळाली नाही. साडेअकराला परत येऊन काच उचलली, तर टिकटिकीची लय देणारं बॅलन्सचं चाक हलत होतं.

स्प्रिंग नसताना धक्का लागला, तर ते चाक दोन-चार सेकंद डुलतं आणि थांबतं. हे डुलत नव्हतं — चालत होतं. एका लयीत, टिकटिक ऐकू येईल असं. मी पंखा बंद केला. मशीन दुसऱ्या टेबलावर नेलं. आसपास कुठं लोहचुंबक आहे का, ते पाहिलं. काही फरक नाही.

साडेबाराच्या पुढं कुसुमताई आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "झालं व्हय चालू?"

मी त्यांना बशीतली तुटकी स्प्रिंग दाखवली. म्हणालो, ताई, हे चालायलाच नको. त्या बाकावर बसून बघत राहिल्या.

तेवढ्यात त्यांचे दीर मोटारसायकलवर आले. घरी जाऊन, शेजाऱ्यांना विचारून माझ्या दुकानापर्यंत पोचले होते. अंगावर सगळी माती.

"वहिनी, चला. विहिरीची दरड ढासळली. दहा वाजल्यापासून दादा खाली हाय."

कुसुमताई रडल्या नाहीत. उठल्या, पुन्हा एकदा त्या चाकाकडं पाहिलं.

"भाऊ, ह्यात स्प्रिंग नाय, हे नक्की?"

"नक्की."

"मग ह्याला हात लावू नका," म्हणाल्या आणि गेल्या.

मी दुपारभर दुसरं काम केलं नाही. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. पाच वाजून दहा मिनिटांनी चाक संथ झालं आणि थांबलं. मी मनात मास्तरांना हात जोडले आणि शटर ओढलं.

पुढचं दिरांनी नंतर सांगितलं. कुसुमताई पोचल्या, तेव्हा लोकांनी हातानं माती काढणं सोडलं होतं. माणूस गेला असं धरून, देह काढायला मोठं मशीन बोलावलं होतं. ते सुरू होणार, तर त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. मालक जिते हायेत, मशीन लावू देणार नाय, हातानंच उकरा, एवढंच म्हणत राहिल्या. घड्याळाचं कुणाला सांगितलं नाही. लोक नाइलाजानं पुन्हा उतरले. दरडीसोबत गाळ उपसायची यारी, म्हणजे काठावरची लाकडी क्रेनही, खाली कोसळली होती. तिच्या लाकडांखाली थोडी पोकळी राहिली होती, त्यात मास्तर दुमडून अडकले होते. पाय मोडलेला, पण श्वास चालू. मशीनचा दणका बसता, तर ती पोकळी राहिली नसती. ऊन उतरताना वर काढलं म्हणतात. नेमकी वेळ कुणी पाहिली नाही.

मास्तर आज निवृत्त आहेत, किंचित लंगडतात. खाली असताना घड्याळाची आठवण आली होती का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "नाय हो. पाण्याची आली फक्त."

नवी स्प्रिंग नंतर मिळाली. तरी दर सर्व्हिसिंगला ती काढून मी मशीन तसंच काचेखाली ठेवून बघतो. पुन्हा कधी चाललं नाही. लाईनमधल्या दोन जुन्या कारागिरांना विचारलं, तर तुझी नजर चुकली असेल म्हणाले. नजरेवरच पोट आहे माझं...

एक गोष्ट मात्र कुसुमताईंना सांगायचं धाडस आजवर झालं नाही. त्या येण्याआधी मी ते चाक दोनदा थांबवलं होतं. ब्रशच्या टोकानं धरून, चांगलं मिनिटभर. दोन्ही वेळा सोडल्यावर आपोआप चालू झालं. तिसऱ्यांदा थांबवून सगळं मशीन खोलायचं ठरवलं, ब्रश हातात घेतला, आणि त्या पायरी चढून आत आल्या. ते कशानं चालत होतं, हे मला आजही माहीत नाही. त्यांना दहा मिनिटं उशीर झाला असता, तर टेबलावर त्यांना नुसते सुटे भाग दिसले असते.