पेटीखालचा ससा

फिनेलचा वास आला की म्हैसूरचं आमचं घर आठवतं. प्लेगाचे दिवस होते, घरोघर फिनेल शिंपडत. घरात मेलेला उंदीर सापडला तर सगळ्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत हलवत. आईने भांडीकपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. मी आणलेला ससा दोन दिवस धान्याच्या पेटीखाली बसून होता. काही खात नव्हता.

“तो मेला तर प्लेगाचा इन्स्पेक्टर ससा की उंदीर बघत बसणार नाही. काढ त्याला!” आई म्हणाली. मी काठी घेतली.

वडील राजाच्या रिसाल्यात घोडे शिकवत. त्यांनी माझ्या हातातली काठी धरली. “बेडा गं,” ते कानडीत म्हणाले, “ओढू नको. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय सरकतात. घोडाही असाच बुजतो.”

त्यांनी पेटीपासून खोलीच्या मध्यापर्यंत गोणपाट अंथरलं, त्यावर कोथिंबीर ठेवली आणि पेटीकडे पाठ करून बसले. आम्हीही बसलो. बऱ्याच वेळाने ससा गोणपाटावर आला, मागे पळाला, पुन्हा आला आणि खाऊ लागला.

आठवड्यात तो घरभर फिरू लागला. आईने गाठोडं मात्र वर्षभर सोडलं नाही. तेव्हा मी तिला हसायचे.