अक्षरांवरचे ब्लाउज

दादांच्या शिलाईच्या दुकानाला उठावाच्या अक्षरांची पाटी हवी, हा हट्ट माझाच. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव भिंतीपासून चार बोटं पुढे यावं, लांबून दिसावं, एवढंच मनात होतं. आज कॉलेजातून आले, तर एक अक्षर सोडून सगळ्यांवर ब्लाउज लटकलेले. नाव पार झाकलेलं.

"दादा, हे काय?"

"अगं, किती मजबूत खुंट्या आणल्यास!"

तेवढ्यात रस्त्यावरची एक बाई थांबली. "टेलरदादा, तो निळा ब्लाउज कुणी शिवला?"

"मीच की!" म्हणताना दादांची छाती चांगली चार बोटं पुढे आली.

माणसाचं नाव नेमकं कुठे लिहिलेलं असतं, मला अजून नीट सांगता येत नाही. मी काठी घेतली आणि उरलेल्या अक्षरावर गुलाबी ब्लाउज अडकवला.